एनएमएमएसला पोरगं पास झालं, मग पैसे का नाही आले?

एनएमएमएसचा, म्हणजे आठवीतल्या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की आपल्याकडं काय होतं माहितीये ना, आधी शाळेच्या ग्रुपवर फोटो, मग गावच्या ग्रुपवर, मग चौकात फ्लेक्स, "एनएमएमएस परीक्षेत घवघवीत यश", वर पंधरा पोरांचे पासपोर्ट फोटो आणि खाली त्याच्या दुप्पट शुभेच्छुक. मग जून-जुलै जातो, गणपती जातात, दिवाळी तोंडावर आली की त्याच पोरांच्या घरात कुरबुर सुरू होते, अहो पोरगं पास झालंय ना, मग ते महिन्याचे हजार रुपये अडकलेत कुठं, शाळेनं दाबले का काय.

शाळेनं दाबलेले नसतात हो. शाळेच्या हातात ते पैसे येतच नाहीत, ते दिल्लीहून सरळ खात्यावर पडतात. बहुतेक वेळा झालेलं असतं असं की पोरगं पास झालंय पण निवड यादीत आलेलं नाही, किंवा यादीत आलंय पण पोर्टलवर फॉर्मच भरलेला नाही. पास होणं, निवड होणं आणि पैसे जमा होणं ही तीन वेगवेगळी कामं आहेत आणि फ्लेक्स लागतो तो पहिल्याच कामावर. सातारा-सांगलीकडं शाळा आठवीच्या पोरांचे जादा तास घेतात, सकाळी सातला बोलवतात, रविवारी सराव पेपर घेतात, तयारीत कोण कमी पडत नाही, पण हा पुढचा भाग पालकांना नीट कोणी सांगतच नाही.

एनएमएमएस म्हणजे नेमकं काय

नाव लांबलचक आहे, राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती योजना. केंद्र सरकारनं २००८ साली सुरू केली. हेतू साधा, आठवी झाली की पैशापायी पोरं शाळा सोडतात, ती सुटू नये. म्हणून परीक्षा आठवीत आणि पैसे नववी ते बारावी, वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. आधी वर्षाला ६,००० होते, २०१७ ला डबल केले, त्यानंतर मात्र आकडा तिथंच आहे.

आपल्या राज्यात परीक्षा घेते पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, साधारण डिसेंबरच्या आसपास. दोन पेपर, दोन्ही ९० मार्कांचे, प्रत्येकाला दीड तास. एक बुद्धिमत्तेचा, त्याला मॅट म्हणतात, आकृत्या, मालिका, कोडी वगैरे. दुसरा शालेय विषयांचा, सॅट, त्यात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २०. मिनिटाला एक प्रश्न असा हिशोब पडतो आणि मॅटमध्ये पोरं अडकतात ती अवघड प्रश्नामुळं कमी, एकाच आकृतीवर पाच मिनिटं घालवल्यामुळं जास्त. चुकलेल्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळं शेवटच्या दोन मिनिटांत राहिलेले सगळे गोल भरायचे, एकही रिकामा सोडायचा नाही. आणि पेपर मराठीतच असतो असं नाही, जत भागातल्या कन्नड शाळेतलं पोर कन्नडमधूनही देऊ शकतं, उर्दूतूनही होतो.

बसायला काय लागतं? सातवीला ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातीला सूट आहे. आईवडलांचं मिळून वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. आणि शाळा सरकारी, झेडपी-नगरपालिकेची किंवा अनुदानित पाहिजे. ही शेवटची अट महत्त्वाची आहे, तिच्यावर खाली येतोच.

पास म्हणजे उसाची नोंद, तोड नव्हे

दोन्ही पेपर मिळून ४० टक्के पडले की पोरगं पास, म्हणजे १८० पैकी ७२. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग मुलांना ३२ टक्के. आता ७२ मार्क काही फार नाहीत, तयारी केलेली पोरं आरामात काढतात, म्हणून तर फ्लेक्सवर पंधरा-पंधरा फोटो असतात.

पण कारखान्याला उसाची नोंद दिली म्हणून दुसऱ्या दिवशी फडात टोळी उभी राहते का? नोंद सगळ्यांची घेतात, टोळ्या मात्र मोजक्या, आणि तोडीचा प्रोग्रॅम गटागटानं लागतो. इथंही तसंच आहे. सगळ्या देशात मिळून दरवर्षी नव्या शिष्यवृत्त्या १ लाख, त्यातल्या महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२. त्या परत जिल्ह्याजिल्ह्यात वाटल्या जातात, त्या जिल्ह्यात मुलं किती आहेत त्या हिशोबानं, आणि जिल्ह्याच्या आत परत संवर्गाप्रमाणं. मग वरून मार्क लावत यायचं, कोटा जिथं संपला तिथं रेघ. ती रेघ ७२ च्या बरीच वर असते. १०० मार्क पडलेलं पोरगं पास असतं, हुशार असतं, पण रेघेच्या खाली राहू शकतं.

निकाल दोन टप्प्यांत लागतो ते यामुळंच. आधी नुसते मार्क येतात, त्यावर नावात, जातीत, जन्मतारखेत चूक असली तर दुरुस्तीला मुदत देतात, आणि नंतर निवड यादी. संवर्ग चुकीचा पडला असला तर तो त्या मुदतीतच शाळेकडून दुरुस्त करून घ्यायचा, नंतर कितीही हेलपाटे मारले तरी उपयोग नाही, कारण यादी त्यावरच बनते.

"शेजारच्या जिल्ह्यात कमी मार्कावर लागतं, हा कुठला न्याय?"

हा प्रश्न दरवर्षी येतो. कोटा जिल्ह्याचा आहे आणि चुरस त्या जिल्ह्यातल्याच पोरांशी आहे, म्हणून प्रत्येक जिल्ह्याची रेघ वेगळी. ज्या जिल्ह्यात शाळा जोर लावतात तिथं ती वर जाते. सगळ्या राज्याची एकच यादी लावली तर ठरावीक चार-पाच जिल्हेच सगळं घेऊन जातील आणि ज्या भागात शाळा सुटायची भीती सगळ्यात जास्त तिथं काही पोचणार नाही, त्यामुळं जिल्ह्याचा कोटा मला तरी पटतो.

मला न पटणारी गोष्ट दुसरीच आहे. जिल्ह्याच्या आत तालुक्याचा हिशोब नाही. म्हणजे इस्लामपूरचं, आताच्या ईश्वरपूरचं पोरगं, ज्याच्या गल्लीत दोन स्कॉलरशिपचे क्लास आहेत, आणि आटपाडी-जतच्या वस्तीशाळेतनं आलेलं, ज्याचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ही दोघं एकाच यादीत. साताऱ्यात तेच, कराड आणि माण एकाच रेघेत. दुष्काळी तालुक्यातली पोरं तरी लागतात, ती कशी लागतात ते त्यांच्या मास्तरांना विचारा. पण सोय म्हणून काही नाही त्यांना.

रेघेखाली राहिलं तर सगळं गेलं का?

नाही. इथं सारथी येते. सारथी म्हणजे राज्य सरकारची पुण्यातली संस्था, मराठा आणि कुणबी समाजासाठी काम करते. तिची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे ती बरोब्बर या पोरांसाठी, एनएमएमएस पास आहे पण केंद्राच्या यादीत नाव नाही. महिन्याला ८०० रुपये, वर्षाचे ९,६००, नववी ते बारावी. चार वर्षांचे ३८,४०० होतात. अर्ज शाळेमार्फत जातो, परीक्षा वेगळी द्यायची नसते. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी, कुणबी-मराठा एवढ्यांनाच आहे ती, हे ध्यानात ठेवा.

आपल्याकडं याचा फायदा पुष्कळ घरांना होतो, तरी दरवर्षी कोणीतरी सांगतंच की आम्हाला माहितीच नव्हतं, यादीत नाव दिसलं नाही म्हणून आम्ही विषय सोडून दिला. म्हणून नुसतं पास झालेल्या पोराचं मार्कलिस्टसुद्धा टाकून द्यायचं नाही, जपून ठेवायचं.

यादीत नाव आलं, आता पोर्टल

निवड झाली म्हणजे आपोआप पैसे येतात असा समज आहे. तसं नाही. नववीत गेल्यावर एनएसपी नावाच्या केंद्राच्या पोर्टलवर फॉर्म भरावा लागतो. मग शाळा तो तपासून पुढं पाठवते, मग जिल्ह्याचं शिक्षण खातं तपासतं, आणि मगच तो दिल्लीला पोचतो. पहिल्या वर्षी फॉर्म भरायचा राहिला तर यादीतलं नाव नुसतं शोभेला राहतं. आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, दहावीत, अकरावीत, बारावीत, हे लोक विसरतात.

सगळ्यात जास्त फॉर्म अडतात ते नावावरून. शाळेच्या दाखल्यावर आडनाव पहिलं, आधारवर आडनाव शेवटी, बँकेत वडलांचं नाव गाळलेलं, कुठं रोहितची वेलांटी इंग्रजीत एका अक्षरानं लिहिलेली तर कुठं दोन अक्षरांनी. माणसाला हे सगळं एकच पोरगं दिसतं, कॉम्प्युटरला तीन दिसतात. त्यामुळं आठवीतच आधार शाळेच्या दाखल्याशी जुळवून घ्या, परीक्षेचा फॉर्म भरायच्या आधी, कारण परीक्षेच्या फॉर्मवर जे नाव गेलं तेच यादीत येतं आणि तेच पुढं चार वर्षं पाठीमागं लागतं.

दुसरं बँक खातं. आपला भाग पतसंस्थांचा, प्रत्येक घरात एक तरी पासबुक असतंच, पण पतसंस्थेचं खातं इथं चालत नाही. बँकेचं खातं पोराच्या नावावर पाहिजे आणि ते आधार सीडिंग केलेलं पाहिजे. सीडिंग म्हणजे काय, तर सरकारी पैसे त्या आधार नंबरावर आले की कुठल्या खात्यात टाकायचे याची बँकेनं केलेली नोंद. नुसती आधारची झेरॉक्स बँकेत दिली, केवायसी झाली, म्हणजे सीडिंग झालं असं नव्हे. बँकेत जाऊन "डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात यायला) सीडिंग करायचंय" असं स्पष्ट सांगायचं. आणि एका आधारला एकच खातं सीड असतं, नवीन खातं जोडलं की जुनं सुटतं, त्यामुळं कधीकधी पैसे आलेले असतात पण वेगळ्याच खात्यात, जे उघडलं होतं हेच घरात कुणाच्या लक्षात नसतं.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. तलाठ्याचा अहवाल, मग सेतू किंवा आपले सरकार केंद्र, मग दाखला. जूनमध्ये ॲडमिशनच्या गर्दीत सगळी दुनिया तिथंच असते, तेव्हा एप्रिल-मे मध्येच काढून ठेवलेला बरा.

दहावीनंतर गळती

आता जी अट कुणी सांगत नाही ती. नववीतनं दहावीत पोरगं पहिल्याच फटक्यात जायला पाहिजे. दहावीला ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५५. त्याच्या खाली आलं की अकरावी-बारावीचे २४,००० गेले. आणि दहावीनंतर पोरगं पॉलिटेक्निकला डिप्लोमाला किंवा आयटीआयला गेलं तरी शिष्यवृत्ती बंद, कारण योजना अकरावी-बारावीसाठी आहे. डिप्लोमा वाईट आहे असं नाही, उलट बारा-बारा हजारासाठी चांगला चाललेला बेत मोडू नये असंच मी म्हणीन, पण हे गणित आधी माहिती असावं. अकरावीलाही कॉलेज सरकारी किंवा अनुदानित बघावं लागतं, तेव्हा ॲडमिशन घेताना तुकडी अनुदानित आहे का विनाअनुदानित हे ऑफिसात विचारून घ्या, एकाच कॉलेजात दोन्ही असतात.

"महिन्याला हजार रुपयांत काय होतंय?"

असं म्हणणारे बहुतेक ज्यांना ते लागत नाहीत तेच असतात. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, पोरांना सवलतीत काढावा लागतो, वह्या, अकरावी सायन्सची पुस्तकं, प्रॅक्टिकलची जर्नलं, एखादा क्लास, एवढं त्यातनं निघतं. आकडा वाढायला पाहिजे हे मात्र खरं, २०१७ चे हजार आणि आत्ताचे हजार सारखे राहिलेले नाहीत. आणि पैसे महिन्याला येत नाहीत, वर्षाचे एकदम येतात, ते पण उशिरा, त्यामुळं त्यावर भरवसा ठेवून कुठली फी अडवून ठेवू नका.

"आमचं पोरगं इंग्लिश मिडीयमला आहे"

मग शाळा विनाअनुदानित असली तर एनएमएमएस नाही, उत्पन्न कितीही कमी असो. नवोदय, केंद्रीय विद्यालय आणि सैनिक शाळेतल्या पोरांनाही नाही, कारण तिथं सरकार आधीच खर्च करतंय. म्हणजे साताऱ्याचं सैनिक स्कूल, १९६१ साली सुरू झालेलं देशातलं पहिलं, तिथला विद्यार्थी यात बसत नाही पण गावातल्या रयतच्या अनुदानित हायस्कूलचा बसतो. यात खरी कुचंबणा होते ती जो बाप कर्ज काढून इंग्लिश मिडीयमची फी भरतोय त्याची, त्याला दोन्हीकडनं काही नाही.

त्याच्यासाठी राज्याची स्कॉलरशिप परीक्षा आहे, ती जुनी, जिला आपण नुसतंच "स्कॉलरशिप" म्हणतो. ती कुठल्याही मान्यताप्राप्त शाळेतल्या पोराला देता येते. दोन पेपर, १५० मार्कांचे, एकूण ३००, आणि प्रत्येक पेपरात ४० टक्के लागतात. रक्कम लई वर्षं चेष्टेची होती, २०२३ ला वाढवून पाचवीला वर्षाला ५,००० आणि आठवीला ७,५०० केली. इयत्तेचा घोळ तेवढा बघून घ्या. आपल्या वेळी चौथी-सातवीला असायची, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला नेली, आणि २०२५ मध्ये सरकारनं परत चौथी-सातवीला आणायचं ठरवलं. तेव्हा पुस्तक विकत घ्यायच्या आधी शाळेत विचारा. इथंही पास आणि शिष्यवृत्तीधारक वेगळे, गुणवत्ता यादीत आलं तरच पैसे.

होमी भाभा, ऑलिम्पियाड: पैसे नाहीत तर कशाला?

आतापर्यंत बोललो त्या शिष्यवृत्तीच्या परीक्षा. स्पर्धा वेगळ्या. सहावी आणि नववीला होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा असते, मुंबईचं विज्ञान अध्यापक मंडळ घेतं. लेखी, मग प्रॅक्टिकल, मग प्रकल्प आणि मुलाखत. प्रॅक्टिकलची फेरी मला या सगळ्यात भारी वाटते, कारण तिथं गाईड पाठ करून काही होत नाही, हातात साहित्य देतात आणि करून दाखव म्हणतात. पदक मिळतं, पैशाचं म्हणाल तर त्यासाठी द्यायची परीक्षा ही नव्हे.

ऑलिम्पियाडचं तर नावच फार वापरून गुळगुळीत झालंय. खरी गणित ऑलिम्पियाड अशी चालते: आयओक्यूएम नावाची पहिली परीक्षा, तीन तासांत ३० प्रश्न, पर्याय नाहीत, उत्तर पूर्ण अंकात लिहायचं. त्यातनं आरएमओ ही विभागीय परीक्षा, त्यातनं आयएनएमओ ही राष्ट्रीय, मग मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीखाली शिबिर, आणि शेवटी सहा जणांची भारताची टीम. आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९५९ पासून आहे, भारत १९८९ पासून जातोय, २०२४ ला इंग्लंडमध्ये बाथला आपण चौथे आलो, चार सुवर्ण. विज्ञानाच्या ऑलिम्पियाडची पहिली फेरी आयएपीटी ही फिजिक्स शिक्षकांची संघटना नोव्हेंबरात घेते, दहावीपर्यंतच्या मुलांसाठी ज्युनिअर सायन्सचा पेपर वेगळा असतो.

आता पैसे. रोख रक्कम फारशी नाही, पण दारं उघडतात. आयएनएमओत यश मिळवणाऱ्याला चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी लेखी प्रवेश परीक्षेतनं सूट मिळते, आयआयटी कानपूरनं २०२५ पासून ऑलिम्पियाडवाल्यांसाठी वेगळा रस्ता काढलाय. एवढ्या वर पोचणारी पोरं अगदी थोडी. पण आठवी-नववीच्या पोराला आयओक्यूएमचे जुने पेपर नुसते सोडवायला दिले तरी एका गणितावर दोन तास बसायची सवय लागते, आणि मॅटच्या मिनिटाला एक प्रश्न या घाईवर तो चांगला उतारा आहे.

शाळेत येऊन पावती फाडतात त्या परीक्षा

"इंटरनॅशनल" नाव, चकचकीत पुस्तिका, दोन-तीनशे रुपये फी, आणि वर्गातल्या निम्म्या पोरांना मेडल. त्यांचा वर सांगितलेल्या ऑलिम्पियाडशी काही संबंध नाही. पोरगं सराव म्हणून देत असेल तर देऊ दे, एमसीक्यूची भीती जाते, पण तिथल्या रँकवर सरकारी शिष्यवृत्ती मिळत नाही आणि पुढच्या ॲडमिशनलाही कोणी विचारत नाही. सर म्हणाले म्हणून पाच-पाच परीक्षांच्या फीया भरणारे पालक मी बघितलेत, आणि त्यांच्याच पोराचा उत्पन्नाचा दाखला काढायला त्यांना वेळ नव्हता.

एनटीएस शोधू नका, इन्स्पायर बघा

दहावीची एनटीएस, म्हणजे राष्ट्रीय प्रज्ञाशोध, १९६३ पासून चालत आलेली मोठी मानाची परीक्षा, २०२१ नंतर थांबलीय. अकरावी-बारावीची केव्हीपीवाय ही विज्ञानाची शिष्यवृत्ती पण २०२२ ला बंद करून इन्स्पायर या केंद्राच्या विज्ञान शिष्यवृत्तीत मिसळली. तरी दुकानात दोन्हीची गाईडं अजून दिसतात.

इन्स्पायर मात्र चालू आहे आणि तिच्यासाठी वेगळी परीक्षाच नाही. बारावी बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात पोरगं आलं आणि बीएस्सीला, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असल्या मूळ विज्ञानाला गेलं, की वर्षाला ८०,०००. त्यातले ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळ्यातल्या संशोधन प्रकल्पाचे. इंजिनिअरिंग-मेडिकलला गेलं तर नाही. सांगलीत विलिंग्डनला किंवा साताऱ्यात यशवंतराव चव्हाण सायन्सला बीएस्सीला जाणाऱ्या चांगल्या मार्कांच्या पोरीला घरचे म्हणतात की काय नुसतं बीएस्सी करतेस, त्या घरात हा आकडा एकदा सांगून बघा. अर्ज बारावीनंतर, बीएस्सीच्या पहिल्या वर्षात असतानाच ऑनलाईन करायचा असतो, दुसऱ्या वर्षात गेल्यावर आठवलं तर घेत नाहीत.